सासूबाईंचं नाक

दूध उतू जाणार हे आमच्या घरात दुधाच्या आधी सासूबाईंना कळायचं. मी शेगडीसमोर उभी असायचे आणि त्या आतल्या खोलीतून ओरडायच्या, "अगं, गॅस बारीक कर!" जिना कोण चढतंय हे त्या दार न उघडता सांगत. तळमजल्यावरचा शिंपी आला की म्हणायच्या, "इस्त्री आली." आमच्या खालच्या मजल्यावरचे मास्तर आले की, "खोकल्याच्या गोळ्या आल्या." मी औषधांच्या दुकानात कामाला आहे. संध्याकाळी घरी आले की मला उंबऱ्यातच थांबवून विचारायच्या, "आज कुठली बाटली फोडलीस?" नवीन लग्न झालं तेव्हा मला या नाकाचा भयंकर राग यायचा. नवरा हसायचा. म्हणायचा, "आईच्या नाकाला भिऊन मी जन्मात सिगारेट ओढली नाही, तुझी काय कथा!"

नवरा जहाजावर इंजिनखोलीत असतो. लॉकडाऊन लागला तेव्हा त्याचं जहाज कुठल्याशा बंदराबाहेर उभं होतं आणि कुणालाही उतरू देत नव्हते. फोन लागला की तो जेवलीस का, झोपलीस का, काही विचारायचा नाही. एकच सांगायचा, "आईला जप." सासूबाईंची छाती पहिल्यापासून नाजूक. आमचा जिना चढायचा तरी मधे टेकायच्या. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "यांना झालं तर अवघड आहे." अवघड म्हणजे किती, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मग एका सकाळी शिंप्याला न्यायला गाडी आली. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे घातलेली दोन माणसं उतरली. चेहरा दिसेना, बाई की बुवा तेही कळेना. शिंपी आपल्या पायाने चालत गाडीत बसला, हातात पिशवी, जणू माप घ्यायला कुणाकडे निघालाय. त्याच्या बायकोला दारातच थांबवलं. नंतर तिला फोन आला, तो नवरा गेल्याचाच. सासूबाईंनी सगळं खिडकीतून पाहिलं होतं. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मला त्या गाडीत एकटीला घालू नकोस. काय व्हायचं ते इथे होऊ दे."

"काहीतरीच काय बोलता, आई!" मी म्हणाले. 

गाडी मास्तरांनी बोलावली, असं सगळ्या इमारतीत बोललं जात होतं. मास्तर म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. जिन्याचा कठडा स्वतः पुसायचे आणि दुसऱ्या कुणी हात लावला की पुन्हा पुसायचे. डोक्यावरच्या छतातून आमच्याकडचं सगळं त्यांना ऐकू जायचं. एकदा जिन्यातून ओरडून विचारलंच, "वर कुणी खोकलं का?" मी म्हणाले, "रेडिओ होता." त्या दिवसापासून मला ठसका लागला तरी मी उशीत तोंड खुपसायचे.

दुकान चालूच होतं, औषधांचं असल्यामुळे. एका दुपारी फळीवरून सर्दीच्या तेलाची मोठी बाटली खाली पडली आणि फुटली. रांगेतली माणसं डोळे पुसत मागे सरकली. मालक मास्कवरून हात दाबून म्हणाला, "अगं, आधी पुस ते, डोळ्यांतून पाणी येतंय!" मी वाकले, फडकं फिरवलं, आणि मला वासच आला नाही. काचेचा तुकडा उचलून मास्कखाली नेला. कोऱ्या कागदाचा वास घ्यावा तसं.  भीती वाटली म्हणजे छाती धडधडते वगैरे म्हणतात, माझी तर बंदच पडल्यासारखी झाली.

मी मालकाला म्हणाले, "उद्यापासून येत नाही." त्याने का म्हणून विचारलं नाही. नुसता दोन पावलं मागे झाला.

घरी आले तर सासूबाईंचं दार आतून बंद. आदल्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी बटाटे साबणाने धुतले म्हणून त्यांनी मला वेडी म्हटलं होतं आणि मी त्यांना हट्टी. राग अजून उतरलेला दिसत नव्हता. मला तर हायसंच वाटलं. दाराबाहेरून सांगितलं, "दुकान काही दिवस बंद आहे, आई. मी स्वयंपाकघरातच झोपते, पाठ दुखतेय." आतून फक्त "बरं" आलं. एरवी त्यांनी पाठ कुठे दुखते, कशाने दुखते, खोटं तर बोलत नाहीस ना, सगळं विचारून घेतलं असतं.

स्वयंपाकघराचं दार लावून मी नाकाची परीक्षा घेतली. कांदा कापला, डोळे चुरचुरले, वास नाही. साबण, काडेपेटी, फिनेल, काही नाही. शेवटी नवऱ्याचे जुने कामाचे बूट आठवले. ते कितीही धुतले तरी त्यांना इंजिनतेलाचा वास येतो, आणि तो रजेवर येऊन गेला की मी ते मुद्दाम कपाटात ठेवत नाही. दाराजवळच्या खणात पाहिलं तर एकच बूट. दुसरा कुठे सरकला असेल म्हणून शोधलाही नाही. त्या एका बुटात तोंड घालून बसले आणि रडले. तो माणूस इतका लांब, आणि आता त्याचा वासही गेला.

सांगायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण सांगितलं की गाडी येणार. मला नेणार, आणि सासूबाई घरात एकट्या. नाहीतर त्यांनाही तपासायला नेणार, वेगळ्या गाडीतून, वेगळ्या ठिकाणी. त्यापेक्षा दूर राहीन, तोंड बांधून स्वयंपाक करीन, ताट बोळातल्या स्टुलावर ठेवीन, त्या उचलून नेतील. एवढ्यावर त्या वाचल्या तर वाचल्या. मी स्वतःला असं समजावलं. खरं म्हणजे मला गाडीची त्यांच्याइतकीच भीती वाटत होती.

सासूबाईंनीही अबोला धरला तो धरलाच. रेडिओ मोठ्याने लावून ठेवायच्या, बातम्या, गाणी, शेतीची माहिती, जे लागेल ते. माझं डोकं उठायचं. मुद्दाम चाललंय हे, असं मी मनात म्हणायचे. एकदा दूध तळाला लागून काळं झालं. मला ते पातेलं पाहूनच कळलं. दुसरं दूध नव्हतं, म्हणून वरचं वर काढून तसंच दिलं आणि बोंबाबोंबीची वाट बघत उभी राहिले. आतून आवाज आला, "आज दूध चांगलं होतं." मी दात ओठ खाल्ले. टोमणा मारायचा तर सरळ मारावा माणसाने.

त्या संध्याकाळी मी भाज्यांचं सूप उकळत ठेवलं आणि मागच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले. अंगात कणकण होती. कठड्याशी जरा टेकले, तिथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं. सगळ्या खिडक्या बंद, हवेतून येतं म्हणून मीच बंद केलेल्या. रेडिओवर कुणीतरी हसत होतं. चाचपडत आत आले, भिंतीशी गेले आणि दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं.

दारावर धाडकन लाथ बसली.

"दिवा लावू नका! कशालाच हात लावू नका! गॅस, गॅस सुटलाय!"

मास्तरांचा आवाज. बोट बटणावर तसंच राहिलं. माझंच बोट, पण ते काढून घ्यायला मला किती वेळ लागला! मग शेगडीकडे धावले. सूप उतू जाऊन जाळ विझला होता आणि बटण पुरतं उघडं. ते बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्यांवर तुटून पडले. एक अडकली होती, ती लाटण्याने ठोकून उघडली. बाहेरून मास्तर ओरडतच होते, "खाली जिन्यात उभं राहवत नाहीये! घरात माणसं आहेत की नाहीत?"

मी दार उघडलं. ते चार पायऱ्या खाली उतरून उभे राहिले, मास्कवर रुमाल, रुमालावर हात.

"बंद केला," मी म्हणाले.

"इतका वेळ काय करत होता? मला खाली वास आला. तुम्ही घरात असून तुम्हाला नाही आला?"

मी तोंडावरचं फडकं वर ओढलं.

"आणि तुमच्या सासूबाईंना? त्यांना तर जिन्यातून जाणारं मांजर कळतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मास्तरांच्याही पडला असावा, कारण ते वळले आणि मागे न बघता भराभर खाली गेले. त्यांचं दार आपटल्याचा आवाज आला.

मी सासूबाईंची खोली न विचारता ढकलली. किती दिवसांत त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं! त्या पलंगावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, पदर तोंडावर. खिडकी उघडली तेव्हा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत आला. उशाशी अर्धा कापलेला कांदा होता, वाळून गेलेला. साबणाची वडी होती. आणि नवऱ्याचा दुसरा बूट.

आम्ही दोघीही त्या बुटाकडे बघत होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बटाट्यांवरून भांडलो ना, त्याच दिवसापासून," त्या म्हणाल्या. "तुला म्हटलं साबणाचा वास येतोय बटाट्यांना. येत नव्हता गं. येईल असं वाटलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू जवळ आली असतीस. म्हणून दार लावलं."

"माझाही गेलाय."

त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे मीच दिला तुला."

"तुम्ही कुठे बाहेर गेला होतात? मीच आणला दुकानातून."

भांडायचीसुद्धा ही काय वेळ, पण आम्ही तेवढ्यातही भांडलो. रेडिओवर अजून हसणं चाललं होतं. आता सगळ्या खिडक्यांतून वारा वाहत होता, बटणाला हात लावायला हरकत नव्हती, म्हणून मी पुढे होऊन रेडिओ बंद केला, आणि खोली शांत झाली.

त्या शांततेत मला त्यांचा श्वास ऐकू आला. आखूड आखूड, आत काहीतरी शिट्टी वाजत असलेला. एका वाक्यानंतर त्या किती वेळ दम घेत होत्या! रेडिओ त्यासाठी होता. इतके दिवस मी भिंतीपलीकडे कपाळ बडवत बसले होते आणि ही बाई गाण्यांच्या आड धापा टाकत होती. मी नखं पाहिली. निळसर. 

"आई, गाडी बोलवावी लागेल."

"नको."

"आई!"

"एकटीला नको म्हटलं होतं ना तुला."

"एकटी कशाला? मलाही झालंय की. दोघी जाऊ." हे बोलताना मला कुठे नेतील, त्यांना कुठे नेतील, काही माहीत नव्हतं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी इतक्या सहज विश्वास ठेवला याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मोबाईल काढला. गाडीचा नंबर सारखा व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी ज्या माणसाला आपल्या शिंकेचाही पत्ता लागू नये म्हणून मी जपले होते, त्याच्याच डोक्यावर मी लाटण्याने दणादणा ठोकायला लागले. फरशीवर गुडघे टेकून ओरडले, "मास्तर! अहो मास्तर, गाडी बोलवा! लवकर बोलवा!"

खालून आवाज आला, "बोलावलीय! मघाशीच!"

काल हे कळलं असतं तर मी त्यांना शिव्याशाप दिले असते.

गाडी आली तेव्हा सासूबाईंनी अंगावर शाल घेतली होती आणि काखेत बूट. मी काढायला गेले तर सोडेनात. दुसरा मी पिशवीत टाकला. उंबऱ्याशी येऊन त्या थांबल्या.

"गॅस गेला का सगळा? नक्की?"

"खिडक्या उघड्या आहेत, आई. चला."

"कुणाला कळणार आपल्यात? मागे घर उडालं तर?"

मास्तर खालच्या वळणावर उभे होते, कठड्याला न टेकता. सासूबाईंनी त्यांनाच हाक मारली. "मास्तर, जरा वास घ्या हो."

मला वाटलं, आता हा माणूस पळणार. पण ते वर आले. अगदी आमच्या दारापर्यंत. आम्ही भिंतीला चिकटून बाजूला झालो. त्यांनी रुमाल काढला, मास्क हनुवटीवर ओढला. इतक्या दिवसांनी त्यांचं तोंड पाहिलं, दाढी वाढलेली, म्हाताऱ्या माणसाचं. आत वाकून त्यांनी लांब श्वास घेतला.

"नाही येत," ते म्हणाले.

"काहीच नाही?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तरांनी पुन्हा वास घेतला, आणखी पुढे होऊन. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी पाहिला. मग त्यांनी घाईघाईने स्वतःचा हात नाकाला लावला, पालथा, मग उताणा.

"साबणाचा येतो," ते म्हणाले.  "साबणाचा येतोय मला."

"मग गॅस गेला," सासूबाई म्हणाल्या आणि माझा हात धरला.

खाली पांढऱ्या कपड्यातला माणूस गाडीचं दार उघडून उभा होता. आम्ही उतरू लागलो. दर पायरीला मी त्यांचा श्वास ऐकत होते. एक आला की पुढच्याची वाट बघत होते.