पिशवीत कुठे, म्हणे!

मित्रांनो, बापाला स्वतःच्या लेकीचा डायपर कुठे ठेवलाय हे माहीत नसावं, आणि ते विचारायला त्याने झोपलेल्या बायकोला हलवून उठवावं, याला काय म्हणावं? माझ्याकडे शब्द आहेत, पण तुम्ही लहान आहात. म्हणून आधी माझी ओळख सांगते, तेवढाच माझा राग निवेल.

मी एक जुनी पिशवी आहे. जाड्याभरड्या कापडाची, दोन लांब बंदांची, आत तीन कप्प्यांची. तंबू शिवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या कापडातून मला शिवलं. दोरा दुहेरी घातला, म्हणून मी आजवर उसवले नाही. नाहीतर हल्लीच्या बॅगा! चेन ओढली की दात विचकतात. शिक्षण म्हणाल तर माझं शाळेच्या फाटकापर्यंत झालंय, तेही डबा घेऊन. पण कुठल्या कप्प्यात काय ठेवावं, हे मला कुणी शिकवायला नको.

माझी मालकीण तेव्हा नुकतीच आई झाली होती. तिच्या चिरंजीवांचे लंगोट, दुपटी, बाटली, खुळखुळा, सगळं मीच वाहिलं. दवाखान्यात मी, बसमध्ये मी, लग्नाकार्यात मी. बायका विचारायच्या, "काय ऐसपैस पिशवी आहे हो! कुठून शिवून घेतलीत?" मी नुसती फुगायचे. मग चिरंजीव मोठे झाले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. पोटात काय कोंबलं, तर जुन्या वायरी, बंद पडलेला टॉर्च आणि कुणाचा तरी एकटा बूट. गरज सरो, वैद्य मरो!

परवा मात्र सूनबाईच्या नव्या बॅगेची चेन ऐन प्रवासाच्या तोंडावर तुटली आणि सगळ्यांना माझी आठवण झाली. मला धुतलं, उन्हात वाळवलं. सूनबाईने बसून कप्पे लावले: पुढे डायपर आणि वाइप्स, मध्ये दूध, मागे कपडे. तिच्या हाताला वळण आहे. का नसेल? दातांची डॉक्टर आहे ती. परदेशात काम करायचं तर तिला तिथली परीक्षा द्यायची होती. नकली जबड्यातला दात कोरायचा आणि बुजवून दाखवायचा. हात थरथरला की संपलं. आधी पोचून आराम करायचा बेत होता, पण तान्ह्या लेकीला ताप आला आणि तिकीट पुढे ढकलावं लागलं. आता विमानातून उतरून थेट परीक्षा. म्हणजे झोपायचं ते विमानातच.

या लेकीला घरात भुंगी म्हणतात. झोप आली की भुंग्यासारखी गुणगुणते, आणि झोप मोडली की गाव गोळा करते.

निघताना चिरंजीव छाती काढून म्हणाले, "तू डोळ्यांवर पट्टी लाव आणि खुशाल झोप. भुंगीचं सगळं मी बघतो. विमान पडलं तरी तुला उठवणार नाही."

"मेल्या, निघताना असलं अभद्र बोलतात?" मालकीण कडाडली. "आणि पिशवीत काय कुठे आहे ते बघून घे आधी."

"त्यात काय बघायचं, आई? पिशवी ती पिशवी."

तिथेच माझं पित्त खवळलं.

विमानतळावर तपासणीच्या जागी एका हातमोजेवाल्याने मला उताणी पाडून पोटातलं सगळं बाहेर काढलं. ते त्याचं कामच आहे, माझी तक्रार नाही. पण परत भरलं चिरंजीवांनी! मोजे दुधात, दूध कपड्यांत, डायपर तळाला. शिवाय भरलेली बाटली त्यांनी विमानात शिरण्याआधी, बाहेर बसल्याबसल्याच पाजून संपवली. विमान वर चढताना लेकराच्या कानांना दडे बसतात, तेव्हा तोंडात काहीतरी चोखायला लागतं. ते कुठून येणार? भुंगीने भोकाड पसरलं.

"अगं, दुसरी बाटली कुठे आहे?"

"पिशवीत," सूनबाई पट्टीआडून म्हणाली.

"पिशवीत कुठे?"

"मधल्या कप्प्यात."

मधल्या कप्प्यात मोजे! बिचारी उठली, शोधली, दिली, पुन्हा आडवी झाली. मग वाइप्स. मग टोपडं. मग, "अगं, हिला शी झालीय बहुतेक." बहुतेक! पुढच्या रांगेतले लोक नाक धरून बसले होते, आणि यांना अजून शंका.

शेवटी एअर होस्टेस बाई आल्या. "दादा, ताईंना झोपू द्या. पिशवी घ्या आणि मागे चला." त्यांनी स्वच्छतागृहातली घडीची फळी उघडून दिली. मी कडीला लटकले. विमान हिंदकळलं, पावडर उडाली, चिरंजीव गंधपावडर लावल्यासारखे पांढरेफटक झाले. पण त्यांनी डायपर बदलला. पहिल्यांदा उलटा, मग सुलटा. बाहेर येऊन खाली मांडी घातली आणि माझे तिन्ही कप्पे स्वतः लावले. मला गहिवरून आलं. वाटेत भुंगीने एका टकलू आजोबांच्या डोक्यावर थापा मारल्या. आजोबा म्हणाले, "चालू दे, फुकटची मालिश!" सगळे हसले. बाहेर लख्ख ऊन होतं, आत पडदे ओढलेले. चिरंजीव येरझाऱ्या घालत राहिले. भुंगी गुणगुणली आणि त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली. मनात म्हटलं, मालकिणीचं पोरगं सुधारलं हो!

आणि मित्रांनो, त्या शहाण्याने काय करावं? जागेवर येऊन बायकोला ढोसलं.

"अगं ए, ऊठ ना! बघ, झोपली! मी झोपवली!"

सूनबाई धडपडून उठली. "काय झालं? कुठे पडली?" त्या आवाजाने भुंगी दचकली आणि अख्खं विमान जागं झालं. सूनबाईने दोन्ही हात समोर धरले. बोटं थरथरत होती.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," चिरंजीव पुटपुटले.

माणसांना माझं बोलणं ऐकू जात नाही, ठाऊक आहे मला. तरी मी सीटखालून ठणकावून सांगितलंच:

"लेकरू झोपवलंस, कबूल. पण आज जपायचे होते ते तिचे हात, आणि तू शाबासकी मागत बसलास. आता भुंगीला उचल, मला खांद्याला लाव आणि मागे जाऊन उभा राहा. विमान उतरेपर्यंत इकडे फिरकू नकोस. पाय दुखले तर दुखू देत. तुझ्या आईने तुला असंच उभ्याने झोपवलंय, बाबा, आणि ते दाखवायला एकदाही कुणाला उठवलं नाही."