पूर्वेकडे पाय

आम्हा ख्रिस्ती लोकांत मृताचे पाय पूर्वेला ठेवतात, म्हणजे येशू परत येईल तेव्हा माणूस त्याच्याकडे तोंड करून उठेल. कबरी खणणाऱ्या रमजानने सवयीने मुसलमानांसारखी दक्षिणोत्तर कबर खणली आणि माझ्या बायकोची, रूथची, पेटी खाली उतरवल्यावर ते ध्यानात आलं.

"पेटी वर काढा, दुसरी खणा," धुळ्याच्या चर्चचे पाळक म्हणाले. "प्रभू पूर्वेकडूनच येणार."

"अहो, ती भाषा रूपकाची आहे," पिंपळनेरचे पाळक म्हणाले.

"तुम्हाला येशू परत येऊन करणार ते हजार वर्षांचं राज्यही रूपकच वाटतं!"

दोघं बायबल उघडून कबरीजवळच भांडू लागले.

"आबा, काय करू?" रमजानने मला विचारलं.

ती उठेल, असं मला दोघांचंही ऐकून वाटेना.

"माती लोट," मी म्हणालो. "माझी वेळ आली की शेजारी अशीच खण."