शीग का सपाट

मी सानगडीची एक जुनी पायली आहे, धान मोजायची, लोखंडी. हल्ली माझ्यात पेनं आणि चार्जरच्या वायरी कोंबतात. म्हणून मला डबा समजू नका, मित्रांनो!

साकोलीच्या लोहारानं मला घडवलं. खळ्यावर काय थाट होता माझा! पुंडलिकराव मला राशीत खुपसून पहिली पायली ‘लाभ’ म्हणून मोजायचे. ते काठावर धानाची उंच शीग ठेवत, त्यांच्या पत्नी पुष्पाबाई ती तळव्यानं सपाट करत, आणि दोघंही म्हणत, ‘एक पायली’. कापणीला येणारी शकुनबाई मात्र मजुरीच्या पायल्या ठरवताना आधीच विचारायची, “शीग का सपाट? ते सांगा, मंग इळा घेईन.” मला ती भांडकुदळच वाटे.

पुढे वजनकाटे आले आणि मी माळ्यावर गंजत पडले. ते खळं आठवलं की अजून जीव कासावीस होतो. शेवटी पुंडलिकरावांच्या लेकीनं, हर्षानं, मला खाली काढून घासलं.

हर्षा पीएचडी करते. संगणकाचा प्रोग्राम लिहिण्याआधी त्याचा आराखडा काढतात; त्यातल्या चौकोनांना क्लास म्हणतात. कोणता क्लास किती अवजड, याचं माप तिनं बांधलं होतं: त्यातली कामं मोजायची. पाच वर्षांचा प्रबंध परत आला. पंधरा दिवसांत दुरुस्ती, नाहीतर सगळं पाण्यात.

त्या दुपारी म्हातारी शकुनबाई आली.

“काहून तोंड पाडून बसली, पोरी?”

“मावशी, चित्र एकच, मोजणारे दोघं. एकानं सात कामं मोजली, दुसऱ्यानं अकरा. वरच्या क्लासकडून वारशानं आलेली चार कामं एकानं धरली, एकानं नाही. परीक्षक माझं मापच खोटं म्हणून राहिले.”

शकुनबाईनं मला उचललं, पेनं खाटेवर ओतली, माझ्या काठावरून तळवा फिरवला. “माप खोटं नाई. शीग का सपाट, थे तू सांगतलंच नाई.”

हर्षानं झटकन वही ओढली. मग तिनं गणिताच्या भाषेत एकेक नियम लिहिला: वारशाचं काम धरायचं, तेच काम क्लासनं नव्यानं लिहिलं असेल तर एकदाच मोजायचं. पुन्हा दोघांना मोजायला दिलं. दोघांचेही अकरा आले.

प्रबंध मंजूर झाला. आभाराच्या पानावर शकुनबाईचं नाव आहे, माझं नाही. रुसले होते मी थोडी.

मित्रांनो, जुनी मापं भंगारात घालू नका. घातलीच, तर निदान शकुनबाईचा प्रश्न घरात ठेवा. तिला वाचता येत नाही. हर्षानं तिचं बोट धरून त्या नावावर ठेवलं, तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, “शीग लावूनच लिवलं ना, पोरी?”