धाकट्याचा अर्धा मासा

आमच्या खाणीत एक रीत आहे. फरशी फोडताना आत मासा निघाला, तर एक फाक छिन्नी मारणाऱ्याची, दुसरी फरशी धरणाऱ्याची. दोघांनी मिळून हो म्हटल्याशिवाय मासा खाणीबाहेर कुणाला द्यायचा नाही. आमचा मासा निघाला तेव्हा छिन्नी माझी होती आणि फरशी माझ्या धाकट्या भावाने धरली होती.

मासा म्हणजे दगडातला हो! इथे कधीकाळी तळं होतं. पूर आला की फिकट गाळ बसायचा, पाणी निवळलं की त्यावर कांद्याच्या सालीएवढा पातळ काळा थर. असा वर्षांवर वर्षांचा गाळ चढला आणि त्याचाच दगड झाला. तळाशी हवा नव्हती, म्हणून मेलेला मासा कुजला नाही. नेमक्या थरात छिन्नी बसली तर दगड अलगद उघडतो. जरा चुकली की सगळा भुगा.

आमचा उघडला तेव्हा धाकटा असा नाचला की फाक हातातून सुटता सुटता वाचली. "अरे गाढवा, हळू!" मी ओरडले. माझ्या फाकेत काटे आले, त्याच्या फाकेत ठसा आणि शेपूट. पुढे त्याला लांब नोकरी लागली. जाताना आपली फाक कपड्यांत गुंडाळून घेऊन गेला.

तेव्हापासून दर फोनला एकच, "ताई, पुढच्या महिन्यात नक्की." त्याचा पुढचा महिना काही उजाडत नाही. मला त्याची फार आठवण येते. फरशी धरायला दुसरे आहेत, पण छिन्नी उचलली की अजून माझ्या तोंडून "नीट धर रे धाकट्या" निघतं आणि समोरचा बावळटासारखा बघत राहतो.

म्हणून संग्रहालयातल्या बाई मासा मागायला आल्या तेव्हा मी हटूनच बसले. "रीत म्हणजे रीत. धाकट्याला येऊ दे, दोघं मिळून देऊ." मनात म्हटलं, आता कसा येत नाही ते बघतेच.

काल बाई परत आल्या. हातात खोका, चेहरा हसरा. मी त्यांच्या पाठीमागे, दाराबाहेर पाहिलं. कुणी नव्हतं.

"मावशी, काम झालं! मी तुमच्या भावालाच गाठलं," खोका उघडत त्या म्हणाल्या. "त्यांनी आपली फाक पाठवलीय. म्हणाले, ताईला सांगा, आता दोन्ही तिच्याच. म्हणजे तुम्ही एकट्यांनी हो म्हटलं तरी चालेल. त्यांना यायची गरजच नाही."

कापसात शेपटाची फाक नीट बसवली होती. केवढं मोठं मन, म्हणे! माझ्या डोळ्यांना धार लागली आणि रागही असा आला की विचारू नका.

"अहो, मला दगड कुठे हवा होता?"

मी झाकण लावलं, दोरी करकचून बांधली आणि खोका त्यांच्या हातात दिला.

"हे त्याला परत पाठवा. म्हणावं, ताई घेत नाही. द्यायचंच असेल तर स्वतः येऊन दे."

"आणि नाही आले तर?"

"तर वाट बघेन. मला आता दुसरं काय करायचंय?"