भट्टी निवेपर्यंत

भट्टीच्या दाराची शेवटची वीट कुंभाराने बसवली, फटींतून ओली माती लिंपली आणि हात तसेच भिंतीवर टेकवून तो उभा राहिला. आत त्याच्या बायकोच्या हातचे सात वाडगे होते, बाहेर तो होता, आणि मधे वीतभर जाडीची भिंत.

वाडगे कच्चे आहेत तोवर सुखरूप आहेत, असं त्याने कितीतरी महिने मनाला समजावलं होतं. जुन्या चादरीत गुंडाळून ते त्याने फडताळात ठेवले होते. पण कच्चं भांडं म्हणजे शेवटी वाळलेला चिखलच. हवा दमट व्हायला लागली आणि एका सकाळी त्याने सहज एका वाडग्याच्या बुडाला बोट लावलं, तर बोटाला माती आली. जिथे तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, नेमकी तिथली. न भाजता ठेवले तर वाडगे हवेतच विरणार. भाजायला घातले तर टिकतीलही, तडकतीलही. तिच्या हातचं घरात एवढंच उरलं होतं. बाकी सगळं विकलं गेलं होतं. कुंभाराच्या घरात भांडी करतात ती विकायलाच.

मग तो कामाला लागला. त्याचं कामाला लागणं म्हणजे आधी बेत आखणं. लाकडं पारखून घेतली, एकसारखी फोडली, छपराखाली रचली. भट्टीवर पत्रा टाकला. एक काडेपेटी एका खिशात, दुसरी दुसऱ्या खिशात. एक भिजली तर दुसरी असावी. ती असती तर हसली असती. ती नेहमीच हसायची.

"अहो, तहान कधी लागणार तेही ठरवून टाका एकदाचं."

"हस तू. अडचण काय सांगून येते?"

"नाही ना येत सांगून? मग रोज दारात उभं राहून तिची वाट कशाला बघता?"

तो तिच्याहून बराच मोठा होता. त्यामुळे आपण आधी जाणार, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं, आणि त्यात दुःखाचं काही आहे असं त्याला वाटतही नव्हतं. काम होतं, तयारी करायची होती. त्याने घरातली फडताळं तिच्या हाताला येतील इतकी खाली उतरवली. खुंट्या खाली घेतल्या. माती ओढायच्या फावड्याचा दांडा कापून आखूड केला. भट्टीच्या दारासाठी मुद्दाम लहान विटा पाडल्या, म्हणजे तिला एकटीला उचलता याव्यात. आच कोणत्या रंगाला आली की लाकूड थांबवायचं, हे तिला शेजारी बसवून शिकवलं. ती शिकली, पण शिकता शिकता म्हणाली, "तुमच्या नसण्याची एवढी कसली हो हौस तुम्हाला?"

आणि मग एक साधा ताप आला आणि तीच गेली.

आता त्या घरात तो प्रत्येक वस्तूपुढे वाकत होता. पेला घ्यायला वाकायचा, सदरा अडकवायला वाकायचा, माती ओढताना तर त्याची कंबर पार मोडून यायची. तिच्या एकटेपणाची त्याने बारीकसारीक तयारी केली होती. स्वतःच्या एकटेपणासाठी घरात एक खुंटीसुद्धा नव्हती. पडल्या पडल्या तो मागचे बेत पुन्हा आखायचा. तापाच्या पहिल्याच दिवशी नेलं असतं तर? दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं असतं तर? डॉक्टरीणबाईंनी हात हातात घेऊन सांगितलं होतं, "एक दिवस आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता, काका." त्याने मान डोलावली होती. पटलं मात्र नव्हतं.

वाडगे आत ठेवतानाही त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. कच्च्या भांड्यावरच काचेसारख्या झिलईचा लेप चढवून सगळं एकाच आचेत भाजायची त्याची पद्धत. भट्टीच्या मधोमध, जिथे आच संथ असते आणि वारा पोचत नाही, तिथे त्याने तिचे पाच वाडगे बसवले. दोन काही केल्या मावेनात. त्यांना घेऊन तो कडेवर मूल घेतल्यासारखा भट्टीभोवती हिंडला. शेवटी नाइलाजाने दाराजवळ, आपल्या मोठ्या रांजणाच्या आडोशाला ते ठेवले. ही जागा सगळ्यांत वाईट. पण दुसरी नव्हती.

आच चढवायचं काम मात्र त्याला आवडेल तसं झालं. हळूहळू, दम धरून, एकदाही ज्वाळा न भडकवता. तो स्वतःवर खूश होता. लाकूड संपलं, रंग हवा तसा आला, हवेची भोकं बुजवली. आता भट्टी आपोआप निवायची होती. तिला निवायला वेळ लागतो आणि त्या वेळात माणसाला काहीही काम नसतं. गार वारा आत शिरला तर तापलेलं भांडं उलतं, म्हणून दार उघडायचं नाही.

हीच वेळ त्याला कधी झेपली नव्हती. "नुसतं बघतो," म्हणून त्याने पूर्वी कितीदा घात करून घेतला होता. म्हणून भट्टी निवत असली की ती दारापुढे बसायची, शेंगा सोलत नाहीतर फाटकं शिवत, आणि त्याला पलीकडे हाकलायची. "आपलं काम झालं. आता त्याचं चाललंय. त्याच्या हाताखाली लुडबुड नको." आणि आपल्याच नादात काहीतरी जुळवून गुणगुणायची,

"घडा घडविला हाती, दिला आगीच्या कुशीत,
पुढं ज्याचं त्याच्यापाशी, मी गं बसते खुशीत."

देवाशी बोलणं घरात तिच्याकडेच होतं. घरात दोघं असली की दाराची कडी वाजल्यावर एकच जण उठतो, तसं. तो कधी उठलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तरा आला. हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, धंद्याने न्हावी. पण हे नाव हातातल्या वस्तऱ्यामुळे पडलं की जिभेमुळे, यावर दोन मतं होती.

"काय रे मडक्या, जिवंत आहेस का?"

"आहे."

"मग चेहऱ्याला कळव. त्याला अजून पत्ता नाही." त्याने कुंभाराला छपराखाली बसवलं आणि गालांना साबण फासला. "उघडली का भट्टी?"

"अजून गरम आहे."

"बरं आहे बाबा माझं. माझ्या हातून चुकलं तर आठवड्यात परत उगवतं." दोन फटकारे मारून त्याचा हात थांबला. "वहिनींना मी एकदा विचारलं होतं, दाराशी बसून काय राखता? म्हणाल्या, भाऊजी, आतल्याला मदत लागत नाही. बाहेरच्याला लागते."

कुंभाराने डोळे मिटून मान वर केली. वस्तरा गळ्यावर होता, ते निमित्त बरं झालं.

"आज मी बसू का इथं?"

"तुझं दुकान?"

"दुकान काय पळून जातंय?"

"नको. जा तू. मला काही होत नाही."

वस्तऱ्याने त्याचं तोंड पुसलं, पेटी आवरली, निघताना एकदा मागे बघितलं आणि गेला. त्याची पाठ वळणापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा कुंभाराला वाटलं, हाक मारावी. पण हाक मारून सांगायचं काय, ते ठरलं नव्हतं, म्हणून त्याने मारली नाही.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. ती दूर, दुसऱ्या शहरात असायची.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो." तो जेवला नव्हता.

"दाराला हात लावू नका हं."

"नाही गं."

"मी येऊ का दोन दिवस?"

"कशाला? तुझी नोकरी, मुलांची शाळा. उगाच धावपळ."

"बाबा, वाडगे तडकलेच तर काय कराल?"

"ठरवलं नाही."

"तुम्ही? ठरवलं नाही?" ती हसायला गेली, पण हसू मधेच अडलं.

संध्याकाळ उतरली. रस्त्यावरून कामावरची माणसं घरी निघाली होती. कुणी कुणाला हाक मारत होतं, कुठेतरी दार लागत होतं, कुठेतरी उघडत होतं. त्याच्याकडे कुणी येणार नव्हतं. त्याने भट्टीच्या दाराला तळहात लावला. ऊब होती. फार नव्हती. खालच्या विटेला लावला. मग वाटलं, एक वीट काढून आतल्या उष्म्याचा नुसता अंदाज घ्यावा. म्हणजे कधी उघडायचं ते नक्की ठरवता येईल. बघायचं थोडंच आहे?

वीट लहान होती, हलकी होती. तिला एकटीला काढता यावी म्हणून केलेली वीट ती. अलगद हातात आली.

तोंडावर झळ आली. त्या चौकोनी अंधारात दाराजवळचा एक वाडगा त्याला पुसट दिसला, काठ वाटोळा, शाबूत. छातीतून सुटकेचा श्वास निघतो न निघतो तोच आत आवाज झाला. टण्ण.

त्याने वीट परत कोंबली. घाईत उलटी गेली, तापलेल्या बाजूने बोटं पोळली, तरी ती ठोकून बसवली, बादलीतला चिखल दोन्ही हातांनी थापला. मग कान लावला. आत काही नाही. आवाज एकच होता. पण त्या एका आवाजात काय काय गेलं, ते दार उघडेपर्यंत कोण सांगणार?

तो तिथेच जमिनीवर बसला. पोळलेली बोटं चिखलात होती, तशीच राहू दिली. बऱ्याच वेळाने, शेजारी कुणी बसलं असावं अशा हलक्या आवाजात तो बोलायला लागला.

"मला तुझ्याशी बोलायची सवय नाही. ते खातं तिच्याकडे होतं." घसा खाकरला. "लाकूड कोरडं होतं. आच संथ दिली. पत्रा टाकला होता. मग ही एक वीट काढली मी. एकच." मग म्हणाला, "तिच्या वेळीही मी सगळं केलं होतं. तेव्हा कुठली वीट काढली, तेवढं मला कळत नाही."

भट्टीची ऊब त्याच्या पाठीला लागत होती, एवढंच. मागावं तरी काय? तडकलेलं परत जोडून दे, असं थोडंच म्हणता येतं? त्याने पुष्कळ विचार केला, आणि शेवटी म्हणाला, "तू कर तुझं. मी इथं आहे."

त्यानंतरचा पूर्ण दिवस त्याने दाराला हात लावला नाही. पहारा द्यायला कुणी नव्हतं, तरी लावला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी त्याने गाल विटांना टेकवला. विटा गार होत्या. मग तो सावकाश एकेक वीट काढू लागला.

समोरच रांजण होता, त्याचा स्वतःचा. वरपासून खालपर्यंत उललेला. तड्याच्या कडा सुरीसारख्या धारदार होत्या, बोट फिरवलं तर कापेल अशा. निवताना गार वारा लागून गेलेलं भांडं असंच दिसतं. म्हणजे तो टण्ण याचा होता. रांजणाच्या आडोशाला तिचे दोन वाडगे बसले होते, कोरे करकरीत. त्याने एकाला नखाने टिचकी मारली. तो घंटेसारखा वाजला.

मग तो वाकून आत शिरला, मधल्या जागेशी, सगळ्यांत सुरक्षित जागेशी. पाचांतले तीन चांगले होते. दोन फुटले होते.

त्या दोन वाडग्यांचे तुकडे हातात घेऊन तो उजेडात आला. आणि बघत राहिला. या तड्यांच्या कडा धारदार नव्हत्या. गोल होत्या, गुळगुळीत. झिलई वितळून त्यांच्यावरून ओघळली होती आणि तिथेच गोठली होती. झिलई वितळते ती आच पुरी चढल्यावर. तडा त्याच्याही आधीचा. म्हणजे वीट काढायच्या कितीतरी आधी, आगीच्या पहिल्या काही तासांत, तो जेव्हा संथ लाकूड सारत होता आणि स्वतःवर खूश होता, तेव्हाच हे वाडगे आत गुपचूप गेले होते. मातीत हवेचा एखादा बुडबुडा राहिला असेल, एखादा खडा असेल. नसेलही.

तो तुकडे मांडीवर घेऊन छपराखाली बसला. त्यातल्या एकावर अंगठ्याचा ठसा होता. त्यात त्याने आपला अंगठा ठेवून बघितला. मोठा झाला, बसला नाही.

फोन वाजला.

"बाबा, उघडली?"

"उघडली. माझा रांजण गेला. मधेच वीट काढली मी."

"बाबा!"

"हो. बोल, काय बोलायचं ते."

तिने हळूच विचारलं, "आणि आईचे?"

"पाच आहेत. दोन गेले."

"वीट काढल्यामुळे?"

"नाही. ते आधीच गेले होते. आच चढत होती तेव्हा."

"मग कशामुळे गेले?"

कुंभाराने समोरच्या उघड्या भट्टीकडे बघितलं. "मी सगळं नीट करत होतो गं तेव्हा," तो म्हणाला.

पलीकडे कितीतरी वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. त्याला वाटलं, ती रडते आहे. मग आपले गाल ओले असल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"मी येऊ का, बाबा?"

"ये."

"कधी येऊ?"

"जमेल तेव्हा ये."

फोन ठेवून तो उरलेली भांडी काढायला वळला. आत अजून पुष्कळ होती. एरवी तो आतून द्यायचा आणि ती बाहेरून घ्यायची. आता तो एक भांडं उचलून बाहेर यायचा, खाली टेकवायचा आणि पुन्हा वाकून आत जायचा. ऊन वर आलं तरी तो ये-जा करतच होता.