केसभर पुढे सरकलेलं बटण

मित्रांनो, मला उचलायला चार माणसं लागतात. म्हणून लोकांना वाटतं, मला बोलतं करायलाही तेवढीच ताकद लागत असेल. या एका गैरसमजापायी माझा आवाज गेला होता. अर्थात गैरसमज एकट्याने काही करत नाही, त्याला गप्प बसणाऱ्या माणसांची साथ लागते.

मी एक जुना स्पीकर, जोडीतला डावा. उजवा माझा भाऊ. आमची उंची सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी. पोटात पंधरा इंची कागदी पडदा, आणि त्याच्या वर एक धातूचा कर्णा. पडदा खर्ज सांभाळतो. व्हायोलिन, झांजा, गाणाऱ्या बाईने मध्येच घेतलेला श्वास, हे सगळं कर्ण्यातून येतं. कर्ण्याच्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ चकती असते. ती मी कधी कुणाला दिसू दिली नाही, पण माझा जीव तिच्यात होता.

आमचे पडदे आणि कर्णे तोक्योहून पेंढ्यात गुंडाळून आले. पेट्या मात्र ओनोमिची बंदरासमोरच्या बेटावर घडल्या, १९६१ साली. मात्सुकागे नावाचा सुतार तिथल्या गोदीत जहाजांच्या खोल्या सजवायचा. एका कप्तानाच्या खोलीतून उरलेलं लाकूड त्याने आम्हाला वापरलं. ते उरलं कसं, हे विचारू नका. त्याने आम्हाला इतकं घट्ट जोडलं की समुद्रात टाकलं असतं तरी आम्ही तरंगलो असतो.

हे सगळं केलं ते त्याच्या मित्रासाठी, मोरिवाकी तेत्सुओसाठी. तेत्सुओ गोदीत रिव्हेट तपासायचा. जहाजाच्या पत्र्यात ठोकलेल्या प्रत्येक रिव्हेटवर तो छोटी हातोडी मारायचा आणि ऐकायचा. नीट बसलेला रिव्हेट खणखणीत वाजतो, सैल असेल तर आवाज पडतो. दिवसाला हजारभर रिव्हेट, आणि चूक नाही. सगळी गोदी त्याला 'कानवाला तेत्सु' म्हणायची. बाहेरगावी जहाज बुडाल्याची बातमी आली की तो छाती काढून म्हणायचा, "आमचं नव्हतं ते." त्याचा सगळा मान त्या दोन कानांत होता.

पुढे रिव्हेट गेले, वेल्डिंग आलं. कानाचं काम संपलं. तेत्सुओच्या हातात हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी आली, आणि तो जहाजाच्या तळातल्या बंद टाक्यांमध्ये शिरला. लोखंडाच्या डब्यात बसून लोखंड फोडायचं, तेही सोळा वर्षं. तिथे बोलून काही कळत नसे, म्हणून माणसं हातांच्या खुणांनी आणि तोंडाच्या हावभावांनी बोलत. कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे. तेत्सुओ ते खिशातच ठेवायचा.

"कानवाल्याने कानात कापूस घालायचा? लोक हसतील!" असं त्याने मात्सुकागेला आमच्यासमोर सांगितलेलं मी ऐकलं आहे. मात्सुकागेही हसला होता. त्याच्याही खिशात बोळे होते.

त्या छिन्नीने त्याची बोटंही बधिर केली. थंडीत ती पांढरीफटक पडत. तबकडीवर सुई ठेवायला गेला की हात थरथरायचा. म्हणून रविवारी दुपारी आम्हाला वाजवायचं काम त्याच्या बायकोकडे, हात्सुएकडे आलं. ती पूर्वी गोदीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. नुसत्या खोकल्यावरून कोण बोलतंय ते तिला कळायचं. ती सुई ठेवायची, अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवायची. तो गुडघे मोडून उशीवर ताठ बसायचा आणि डोळे मिटायचा.

तो अ‍ॅम्प्लिफायर छोटा होता, रेडिओचे व्हॉल्व्ह घालून तेत्सुओने उमेदीच्या काळात स्वतः जोडलेला. आठ वॅटचा. आम्हाला तेवढा पुरून उरायचा. आम्ही पोटाने मोठे असलो तरी खायला फार लागत नाही. एका वॅटमध्ये सगळं घर भरतं. तुम्हाला कुणी याच्या उलट सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

एका रविवारी एका तबकडीत झांज वाजली आणि तेत्सुओची मान हलली नाही. दहा वर्षं त्या जागी ती हलत आली होती. मी समजलो. हात्सुएही समजली, कारण ती त्याच्याकडेच बघत होती. त्याचे कान चालले होते, आणि वरचे स्वर आधी निघाले होते.

पुढच्या रविवारी तो बसायच्या आधी तिने बटण नेहमीच्या खुणेपेक्षा केसभर पुढे ठेवलं. काही महिन्यांनी आणखी केसभर. हे सहा वर्षं चाललं. त्याला वाटायचं, आपण पूर्वीसारखंच ऐकतो आहोत. तुम्ही म्हणाल, गल्लीत कुणाला कसं कळलं नाही? अहो, आमच्या गल्लीत सगळीच गोदीची माणसं. सगळीच ओरडून बोलायची. "जेवलास का?" हेही तिथे भांडण काढल्यासारखं विचारलं जायचं. अशा गल्लीत बहिरा माणूस ओळखायचा कसा?

१९७८ साली गोदीतलं काम आटलं आणि तेत्सुओला घरी बसवलं. त्याच वर्षी आमचं बटणही शेवटच्या टोकाला टेकलं. त्यापुढे फिरेना. एका दुपारी तेत्सुओ डोळे उघडून म्हणाला, "हात्सुए, स्पीकर म्हातारे झाले गं. वरचं सगळं धुरकट येतंय. यांना ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे."

तिच्या हातात तबकडी पुसायचं फडकं होतं. त्या क्षणी ती बोलली असती तर मी ही गोष्ट सांगायला बसलो नसतो. ती म्हणाली, "हो, घेऊया."

ओनोमिचीचा दुकानदार कुनिएदा फेरीबोटीने दोन अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. एक व्हॉल्व्हचा, बेताचा. दुसरा ट्रान्झिस्टरचा, तोंडावर आवाजासरशी हलणारे दोन मोठे काटे असलेला, दीडशे वॅटचा. मात्सुकागे तमाशा बघायला आधीच येऊन बसला होता. तेत्सुओने न्हाणीघरातून माणसांचा वजनकाटा आणला.

"वजन करणार?" कुनिएदाने विचारलं.

"मग! जड असेल तेच टिकतं. चाळीस वर्षं गोदीत काढलीत मी."

"अरे तेत्सु," मात्सुकागे ओरडला, "त्याला ढेकरही द्यायला लाव. पोट भरलंय का कळेल!"

छोटा नऊ किलो भरला, मोठा एकतीस. तेत्सुओने आमच्याकडे असं पाहिलं की जणू निकाल लागला.

कुनिएदाने तरी छोटा आधी लावला. मित्रांनो, काय सांगू! त्या दुपारी मी जन्मात कधी गायलो नसेन असा गायलो. हात्सुए चहा ओतता ओतता थांबली.

"या पेट्यांना एवढंच पाहिजे, मोरिवाकीसान," कुनिएदा म्हणाला. "यांचा कर्णा नाजूक आहे. मोठ्याचं बटण जरा जास्त फिरलं तर जळेल."

"चांगला आहे, पण वरचं अजून धुरकटच येतंय," तेत्सुओ म्हणाला.

कुनिएदाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "गोदीत कुठल्या कामावर होता आपण?"

"तळाच्या टाक्यांत. हवेची छिन्नी."

कुनिएदा उमजला. त्याने हात्सुएकडे पाहिलं. तिने मान खाली घालून त्याच्यापुढे सोललेल्या संत्र्याची बशी सरकवली आणि जरा जास्तच वाकून नमस्कार केला. ज्याच्या घरचा चहा प्यायचा त्या माणसाला त्याचे कान गेले म्हणून सांगायचं, तेही त्याच्या मित्रासमोर? कुनिएदाने संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि मोठा अ‍ॅम्प्लिफायर जोडला.

"हा!" तेत्सुओ म्हणाला. "आणि बटणं बघ केवढी. माझ्या बोटांनाही जमतील."

ती जमली, आणि त्यानेच घात झाला. आता तो स्वतः वाजवू लागला. वरच्या स्वरांचं बटण त्याने पहिल्याच दिवशी पुरतं फिरवलं, आवाजाचं रोज थोडं थोडं. काटे नाचताना दिसायचे, आणि त्याला वाटायचं की जे दिसतंय ते ऐकूही येतंय. अकराव्या दिवशी माझी चकती जळाली. आधी चटका, मग बारीकसा वास, मग माझ्या डोक्यात अंधार. दुसऱ्या दिवशी भावाची गेली. आमच्यात उरला तो फक्त खर्ज, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

हात्सुए स्वयंपाकघरातून हातात डाव घेऊनच धावत आली. तेत्सुओ उशीवर बसला होता. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान.

"आता कसं मोकळं वाटतंय!" तो म्हणाला.

डावातून सूप टपकून चटई भिजली, तरी ती तिथेच उभी होती. मग फडकं आणायला आत गेली.

पुढचे वीस दिवस मी कधी विसरणार नाही. नवा अ‍ॅम्प्लिफायर ऐकायला अख्खी गल्ली लोटली. वेल्डर आले, छिन्नीवाले आले, बॉयलरवाले आले. आम्ही मुके, आणि समोर रांगेत बसलेली ती म्हातारी माणसं माना डोलवत होती.

"काय धार आहे आवाजाला!"

"झांज ऐकलीस? अगदी खोलीत वाजल्यासारखी!"

"पेट्या कुणी केल्यात?" मात्सुकागे छाती ठोकून विचारायचा.

त्या घरात खरं ऐकू येणारी एकटी हात्सुए होती, आणि ती सगळ्यांना चहा देत फिरत होती. मला तिचा राग यायचा. आता येत नाही. सहा वर्षं जे झाकलं ते एका दिवसात उघडं कसं करायचं, हे मलाही सांगता येणार नाही.

महिन्याने कुनिएदा चौकशीला आला. दार उघडंच होतं, आम्ही वाजत होतो. एक बूट काढून तो तसाच थबकला. त्याचा चेहरा पडला. हात्सुएने आतून त्याच्याकडे पाहून 'नको' म्हणून मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. पण तेत्सुओने सोळा वर्षं धूळ-धुरातून माणसांचे चेहरे वाचले होते. त्याचे कान गेले होते, डोळे नाही.

त्याने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. "काय झालं?"

कुनिएदाने काढलेला बूट दाराशी सरळ करून ठेवला.

"कुनिएदासान, मी विचारतोय."

कुनिएदाने दुसराही बूट काढला, आत येऊन चटईवर बसला आणि डोकं जमिनीला टेकवलं. "कर्णे बंद आहेत. दोन्ही. चूक माझी आहे. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"कधीपासून बंद आहेत?"

त्याला ते ठाऊक नव्हतं. तेत्सुओने बायकोकडे पाहिलं.

"वीस दिवस झाले," हात्सुए म्हणाली. तिला रडू आवरेना. "अहो, त्याच्याही आधीपासून... मी बटण पुढे करत होते. सहा वर्षं."

तो उठला. मला वाटलं, आता मोडतोड होणार. त्याने कपाटातून ती जुनी छोटी हातोडी काढली, चुलीजवळची लोखंडी किटली रिकामी केली आणि डाव्या हाताने कानाजवळ धरली. गोदीत मारायचा तसा एक टोला मारला. मनगटातून, हलका. किटलीचा नाद सगळ्या घरात पसरला. मुक्या माझ्या लाकडातही तो उतरला.

तेत्सुओने किटली फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिली. बुडाकडून पाहिली.

"तडा गेलाय का गं हिला?"

"नाही हो," हात्सुए म्हणाली. "छान वाजतेय."

त्याने किटली जागेवर ठेवली, त्यात पाणी भरलं आणि हातोडी तिला दिली. "मला वाटत होतं, मी ऐकतोय," एवढंच तो बोलला.

त्यानंतर तो चार वर्षं जगला, पण घरातला मोठा आवाज त्या दिवशीच संपला. आपण ओरडतो हे कळल्यावर तो इतकं हळू बोलू लागला की मित्रांना काही ऐकू येईना, मग मित्र यायचे थांबले. मात्सुकागे शेवटपर्यंत म्हणत राहिला, कर्णे ठीक होते, दुकानदार खोटारडा. रविवारी तेत्सुओ आमच्यासमोर बसायचा, अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून. त्या एकतीस किलोच्या धुडावर हात्सुए संत्र्यांची टोपली ठेवायची. ती कधी कधी त्याच्यासमोर बसून गोदीच्या खुणा करायची, "भूक लागली?", "थंडी आहे?". खुणा तिला नीट यायच्या नाहीत. तो त्या दुरुस्तही करायचा नाही.

तो गेल्यावर तिने कुनिएदाला बोलावून आम्हाला नेऊ दिलं. त्याने नव्या चकत्या बसवल्या, तोच नऊ किलोचा अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि दुकानाच्या कोपऱ्यात आम्हाला उभं केलं. फुकट दुरुस्ती केली, पण माझ्यासमोर यायचं तो अजून टाळतो.

एकदा हात्सुए फेरीबोटीने आली. कुनिएदाने तीच झांजेची तबकडी लावली. ती खुर्चीवर न बसता अ‍ॅम्प्लिफायरपाशी उभी राहिली. माझा आवाज परत आला होता, एकही स्वर कमी नव्हता. झांजेची जागा जवळ आली, आणि तिचा हात आपसूक पुढे झाला. बटण केसभर पुढे सरकलं. मग तिच्या लक्षात आलं. तिने ते मागे घेतलं आणि फेरीबोट चुकली तर पंचाईत होईल असं म्हणून अर्ध्या गाण्यातून निघून गेली.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. अ‍ॅम्प्लिफायर छोटा घ्या, आम्हाला पुरतो. पण तुमच्या घरात कुणाची मान झांजेवर हलायची थांबली, तर त्याच्यासमोर बसा आणि त्याला सांगा. तो चिडेल, रडेल, तुम्हाला खोटं ठरवेल. तरी सांगा. त्याच्या पाठीमागे गुपचूप बटण फिरवू नका.