अब्रेहेतची बारावी

अब्रेहेतने कॉलेजचा अर्ज पहिल्यांदा भरला तो आमच्या ब्रेकरूममध्ये, फोनवर, दोन विमानांच्या मधल्या वीस-पंचवीस मिनिटांत. मी शेजारी बसून डबा खात होते. डेन्व्हरच्या विमानतळावर आम्ही दोघी व्हीलचेअर ढकलतो. मी चौदा वर्षं, ती नऊ. ज्यांना चालवत नाही त्यांना दारापासून विमानापर्यंत न्यायचं, उतरलेल्यांना सामानाच्या पट्ट्यापर्यंत आणायचं. दिवसाला दहा-बारा मैल होतात. आमच्यातल्या निम्म्या बायका आम्हा दोघींसारख्या एरिट्रियाच्या, बाकीच्या इथिओपियाच्या आणि सोमाली. गुडघे मात्र सगळ्यांचे एकाच देशाचे.

तिच्या डोक्यात हे आलं तेही गुडघ्यामुळेच. मार्चमध्ये एक्स-रे काढायला गेली होती. तिथली बाई स्टुलावर बसून यंत्र फिरवत होती, हळू आवाजात बोलत होती. अब्रेहेतने विचारलं, हे कुठे शिकलात? बाई म्हणाली, इथल्याच कम्युनिटी कॉलेजात, दोन वर्षांचा कोर्स आहे. तेव्हापासून अब्रेहेतला दुसरं काही सुचेना. "बसून करायचं काम आहे, ताई," ती मला म्हणाली. "आणि माणूस आपणहून टेबलावर येऊन झोपतो. ढकलायचं नाही." ती तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती.

अर्जात एक प्रश्न होता : तुम्ही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी आहात का? तिने मला वाचून दाखवला. आपण दुसऱ्या देशातून आलो, मग हो म्हणायला पाहिजे, असं तिचं मत पडलं. मलाही ते बरोबरच वाटलं. तिने हो केलं.

पुढचे दीड महिने कॉलेजची पत्रं येत राहिली. पासपोर्टची प्रत पाठवा. व्हिसा कोणत्या प्रकारचा हवा ते कळवा. शिक्षणाचा खर्च मायदेशातून कोण उचलणार त्याचं नाव कळवा. अब्रेहेत प्रत्येक पत्राला उत्तर लिहायची. माझ्याकडे पासपोर्ट नाही, मी निर्वासित म्हणून आले. व्हिसा नको, मी इथेच राहते. मायदेशात मावशी आहे, ती म्हातारी आहे. उत्तराला उत्तर म्हणून तेच पत्र पुन्हा यायचं.

शेवटी सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजात गेलो. खिडकीमागे येसेनिया नावाची मुलगी होती, मेक्सिकन आईबापांची. तिने सगळी पत्रं चाळली आणि विचारलं, "तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे?"

"आठ वर्षं झाली."

"मग तुम्ही आंतरराष्ट्रीय नाही. तुम्ही इथल्याच."

परतताना अब्रेहेत गाडीत म्हणाली, की आठ वर्षांत हे आज पहिल्यांदा कुणी सांगितलं, आणि तेही मी फॉर्म चुकीचा भरला म्हणून.

येसेनियाने अर्ज दुरुस्त केला, पण एक गोष्ट तिच्या हातात नव्हती. कॉलेज कुणालाही घेतं. एक्स-रेच्या वर्गाला मात्र बारावी पास झाल्याचा पुरावा लागतो, आणि तो शाळेकडून थेट, बंद पाकिटात यायला हवा. अब्रेहेतने बारावी केली होती. चांगल्या मार्कांनी केली होती, गणितात तर फारच चांगल्या. पण आमच्या एरिट्रियात बारावीचं वर्ष शाळेत होत नाही. देशभरातल्या पोरापोरींना सावा नावाच्या लष्करी छावणीत नेतात, उन्हात कवायत करून घेतात, आणि तिथेच परीक्षा घेतात. परीक्षेनंतर कुणी कॉलेजात जातं, बाकीचे सैन्यात. कधी सोडणार ते कुणी सांगत नाही. अब्रेहेत दोन वर्षं राहिली, मग एका पहाटे सुदानच्या हद्दीकडे चालत निघाली. तिची गुणपत्रिका सरकारकडे राहिली.

तिची मावशी राजधानीत, अस्मारात, शिक्षण खात्यात तीनदा जाऊन आली. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसाने तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, की कागद सापडेल, पण आधी मुलीने तिकडच्या आपल्या लोकांकडे जाऊन स्वतःचं खातं साफ करावं.

म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. वकिलातीचे कागद डेन्व्हरला शनिवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये भरून घेतात. टेबलामागे घिर्माय बसतात. साठीचे आहेत, पोटाचं ऑपरेशन झालेलं, सगळ्यांच्या लग्नांना येणारे. कमाईतले दोन टक्के तिकडच्या सरकारला भरायचे, ते अब्रेहेतला जड गेलं नसतं. पण त्याबरोबर एक फॉर्म असतो. त्यात लिहिलेलं असतं, की देशाची सेवा अर्धवट टाकून मी गुन्हा केला, त्याचा मला पश्चात्ताप होतो, आणि वेळ येईल तेव्हा योग्य ती शिक्षा घ्यायला मी तयार आहे. खाली सही.

अब्रेहेतने त्या टेबलाशी बसून नाव लिहिलं, जन्मगाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं. मग तिने घिर्मायना विचारलं, की शिक्षेचं ते वाक्य खोडलं तर चालेल का. ते म्हणाले, "पोरी, सगळे विचारतात. नाही चालत." आवाज चढवला नाही, समजूतही घातली नाही. तिने फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला आणि घरी आली.

तीन आठवडे तो फॉर्म फ्रिजवर पडून होता. तिचा नवरा तेकेस्ते शाळेची बस चालवतो, सरळ माणूस.  मग एकदा मी त्यांच्याकडे कॉफीला गेले असताना माझ्यासमोरच म्हणाला, "झुफान, तूच सांग हिला. शाई आहे ती. तीन ओळी आहेत. देव काय फॉर्म वाचत बसतो?"

अब्रेहेत कॉफीचे दाणे भाजत होती. तिने मान वर केली नाही.

"महिन्याभरात पाकीट येईल," तो तिच्याकडे वळून म्हणाला. "नाहीतर इथली बारावीच्या तोडीची परीक्षा दे, चार पेपर, दीड वर्ष. पोरींचं, घराचं कोण बघणार? तू दमतेस तेव्हा घरात कुणी तोंड उघडायचं नसतं, हे माहीत आहे ना तुला?"

तो खोटं बोलत नव्हता. दमलेली असली की ती भिंतीसारखी बसायची. तो बाहेर गाडी धुवायला गेला तेव्हा तिने पहिली कॉफी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "ताई, तू सही केलीस ना?"

नऊ वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. आमच्यात कुणी सांगत नाही. "केली," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"आईच्या घरासाठी. भावंडांत मीच उरले होते. कागद केले नसते तर घर सरकारजमा झालं असतं."

"वाचून केलीस?"

"नाही. चष्मा पर्समध्ये होता. काढला नाही."

तिने माझ्या कपात साखर घातली. मग म्हणाली, "मी वाचलं. तिथेच चुकलं माझं."

तिच्या धाकट्या भावाबद्दल मला अर्धवट माहीत होतं, ते त्या दिवशी पूर्ण कळलं. हाबतोम त्याचं नाव. ती निसटली, त्यानंतर दीड वर्षाने तोही त्याच वाटेने निघाला आणि हद्दीलगतच्या तेसेनेई गावाजवळ पकडला गेला. त्या गोष्टीला सोळा वर्षं झाली. कुठल्या तुरुंगात आहे, आहे की नाही, काही कळलं नाही. त्यांच्या आईने मरेपर्यंत त्याच्या नावाने चर्चमध्ये मेलेल्यांची प्रार्थना करू दिली नाही. तो मेला असं कुणी सांगितलंय का, असं विचारायची.

"मी पळाले हा गुन्हा असेल तर त्यानेही गुन्हाच केला," अब्रेहेत म्हणाली. "मी सही करून तसं लिहून द्यायचं. उद्या त्याची चौकशी करायला गेले तर ते म्हणतील, बाई, गुन्हेगार होता, तुमचीच सही आहे."

 मी तिला सही कर म्हटलं नाही, करू नको असंही म्हटलं नाही. माझ्या तोंडात ते शोभलं नसतं. कॉफीच्या तीन फेऱ्या होईपर्यंत आम्ही विमानतळावरच्या नव्या सुपरवायझरबद्दल बोललो.

पुढच्या सोमवारी ती येसेनियाच्या खिडकीशी गेली आणि बारावीच्या तोडीच्या परीक्षेला नाव घालून आली. फॉर्मचं काय केलं मी विचारलं नाही.

त्या दीड वर्षात ती खरंच दमली. आमची पाळी दुपारची. सकाळी मुलींना शाळेत सोडून ती ग्रंथालयातल्या फुकट वर्गाला जायची, तिथून थेट कामावर. गणिताचा पेपर तिने दोन महिन्यांत पार केला. विज्ञानाचा त्यानंतर. इंग्रजी दुसऱ्या खेपेला जेमतेम सुटलं. राहिला समाजशास्त्राचा, म्हणजे इथल्या इतिहास-नागरिकशास्त्राचा.

तेकेस्ते आधी रुसूनच होता. स्वतःचं जेवण स्वतः वाढून घ्यायचा, मुलींना घेऊन चर्चला एकटाच यायचा. पण समाजशास्त्राचं नाव निघाल्यावर त्याला राहवलं नाही. नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न त्याने चार वर्षांपूर्वी तोंडपाठ केले होते आणि त्यातला एकही विसरला नव्हता. कांदा परतता परतता तो विचारायचा, सिनेटर किती, घटनेत दुरुस्त्या किती, कोणत्या युद्धानंतर काय झालं. ती भाजी निवडता निवडता उत्तरं द्यायची. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ते असं. मला वाटलं, आता झालंच.

ती तीन गुणांनी नापास झाली. पेपरात त्या शंभरांतला एकही प्रश्न नव्हता. आलेख होते, जुन्या वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं होती, आणि चित्रकाराला काय म्हणायचं आहे असं विचारलं होतं. आमच्या देशात व्यंगचित्रकाराला काय म्हणायचं आहे हे उघड सांगायचं नसतं, आणि ती सवय तिला नडली, असं ती म्हणाली. हसून म्हणाली, पण डोळे लाल होते. तेकेस्तेने दोन दिवस कुणाकडे वर मान करून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ग्रंथालयातून व्यंगचित्रांचं एक जाड पुस्तक आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मग दोघं मिळून ते वाचायला लागले. निम्मी चित्रं दोघांनाही कळायची नाहीत. मुली मधूनच सांगायच्या, बाबा, तो हत्ती म्हणजे खरा हत्ती नाही, पक्ष आहे.

ऑक्टोबरमध्ये ती पास झाली. एकेचाळीस पूर्ण होऊन चार दिवस झाले होते. तेकेस्तेने हिम्बाशा, आमची सणाची गोड रोटी, भाजली, एका बाजूने करपली, आम्ही खाल्ली.

परीक्षेच्या निकालाचं बंद पाकीट कॉलेजात पोचलं. येसेनियाने नोंद केली, अभिनंदन केलं, आणि मग सांगितलं, की एक्स-रेच्या वर्गासाठी प्रतीक्षायादी आहे. दर वर्षी चोवीस जागा. अब्रेहेतचा नंबर सदुसष्टावा. तोवर शरीरशास्त्र आणि इंग्रजी लेखन हे दोन विषय आधी करून ठेवता येतील, ते लागतातच.

मला वाटलं, ती तिथेच खाली बसेल. तिने विचारलं, "सदुसष्ट म्हणजे अंदाजे किती?"

"काही जण मधेच सोडतात," येसेनिया म्हणाली. "अडीच वर्षं धरा."

अब्रेहेतने मनाशी हिशेब केला. तेव्हा ती चव्वेचाळीसची असणार होती. कोर्स संपेल तेव्हा सेहेचाळीसची. ती म्हणाली, तोपर्यंत गुडघे टिकले तर टिकले. आणि शरीरशास्त्राला नाव घातलं.

जानेवारीत नव्या विद्यार्थ्यांना माहिती द्यायला बोलावलं होतं, सकाळी नऊला. आदल्या दिवशी हिमवादळाने विमानं अडकली होती. तिने एका पाळीत एकोणीस म्हाताऱ्या माणसांची ने-आण केली होती. तेकेस्तेला बस होती, म्हणून मी तिला सोडायला गेले. रस्त्यावर बर्फ होतं, हळू चालवावं लागलं, तरी पंधरा मिनिटं आधी पोचलो. गाडी थांबवून पाहते तर ती काचेला डोकं टेकून झोपलेली, तोंड जरा उघडं, मांडीवर कॉलेजचं पिवळं फोल्डर.

आमच्या समोरून मुलंमुली आत चालली होती, अठरा-एकोणिसाची, हातात कॉफीचे पेले. मी हीटर चालू ठेवला. नऊला पाच कमी असताना तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकून जागी झाली आणि कुठलं गेट, असं विचारलं.

"कॉलेज आहे, अब्रेहेत," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. आरशात पाहून तिने डोक्यावरचा पांढरा नेत्सेला नीट घेतला, फोल्डर काखेत मारलं, आणि बर्फात जपून पाय टाकत दाराकडे गेली.